एक यःकश्चित कुकर

सोमवार, ४ नोव्हेंबर

हॉटेलच्या जेवणापुढे आज हात टेकले. पाव इतका कडक की हातोडी मारून आवाज तपासावा. सोबत एक कोमट, राखाडी पाणी आलं, त्याला वेटर सूप म्हणाला. मी विचारलं, "भांडी विसळून झाली की उरतं ते हेच का?" तर तो हसला. या लोकांना धड अपमानसुद्धा कळत नाही.

ही बहिणीकडे गेल्यापासून असंच चाललंय. "आठ दिवस जाऊन येते" म्हणाली होती, त्याला महिना उलटून गेला. भांडण वगैरे मुळीच झालेलं नाही. आदल्या दिवशी माझ्या जुन्या बॉयलर तपासणी खात्यातले चौघे जेवायला आले होते. हिने तिचं ते नेहमीचं सूप केलं होतं, वाटाण्याच्या डाळीचं, हॅम घातलेलं. चौघे मिटक्या मारत होते. एक जण म्हणाला, "वहिनी, आमच्या हिला शिकवा हो एकदा." मी म्हणालो, "यात शिकवायचं काय? डाळ टाका, हाड टाका, झाकण लावा. माझ्या तपासणीतला बॉयलरवाला दारू पिऊनसुद्धा करेल." सगळे खो खो हसले. हीसुद्धा हसली. मग रिकामे वाडगे उचलून आत गेली आणि सकाळी बॅग घेऊन दारात उभी. आता यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? विनोद कळायलाही थोडी बुद्धी लागते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

मुलीचा फोन. पहिला प्रश्न, "बाबा, काय जेवलात?" या मायलेकींना दुसरा विषय नाही. ही पण दर दोन-तीन दिवसांनी फोन करते आणि हेच विचारते. मी "हॉटेलात" म्हटलं की "बरं, ठेवते."

आज मुलीने जास्त तोंड उघडलं. म्हणे, "आई तिकडे रमलीय, बाबा. मावशीच्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग सुरू केलाय तिने. बायका येतात, हसतात, खिदळतात. तिच्या जिवाला घोर आहे तो एकच, तुमच्या जेवणाचा. मला म्हणाली, त्यांचे खाण्याचे असेच हाल होत असतील तर मला परत जावंच लागेल."

हाल! माझे! मी उभं आयुष्य दूधडेअऱ्या, लाँड्र्या, इस्पितळं, रंगाचे कारखाने पालथे घातले. एका खडूच्या फुलीने मी अख्खा कारखाना बंद पाडलाय, मालक मागे हात जोडत फिरायचे. आणि माझी कीव येऊन कोणी परत येणार? मला स्वतःचं पोट भरता येत नाही म्हणून? असली दया मला नको. मुलीला तसं सुनावलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळत कसं नाही हो?" आणि फोन ठेवला. काय कळायचंय ते न सांगता "कळत नाही" म्हणायचं, ही आईची सवय लेकीने बरोबर उचललीय.

ठरवलं. तेच सूप, त्याच कुकरमध्ये, हिच्याहून सरस. मग बघू कोणाचे हाल होतात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

खाटकाकडे गेलो. हॅम मागितलं तर पठ्ठ्या विचारतो, "काका, काकू कुठायत? त्या नेहमी गुडघ्याजवळचा तुकडा नेतात, हाडासकट." मी म्हणालो, "तू मांस विक, चौकशा नको." त्याने तोच तुकडा बांधून दिला. बरोबर की चूक हे मला सांगता येईना, म्हणून मी नाक मुरडून घेतला.

हिचा कुकर पहिल्यांदाच नीट हातात घेतला. याला बायका घाबरतात! अहो, पत्र्याचं डबडं, वर टोपीसारखं वजन, एक रबराची रिंग आणि झाकणात बोंडाएवढा सेफ्टी व्हॉल्व्ह. दाबाचा काटा नाही, पाण्याची काचनळी नाही. आणि दाब मोजायचा कशाने, तर शिट्ट्यांनी. मी खात्यात असतो तर असलं यंत्र दारातून आत येऊ दिलं नसतं.

डाळ, पाणी, कांदा, गाजर, हॅम आणि मीठ. मीठ मी मोजून घातलं, सपाट चमचे, चुकायची सोय नाही. झाकण काढलं तर दिसायला सूप, चवीला समुद्र. हॅम मुळातच खारवलेलं असतं ही गोष्ट त्या खाटकाच्या तोंडून निघायला काय हरकत होती? एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो.

टाकून द्यायला मी काही उधळ्या नाही. सगळं संपवलं. दिवसभर पाणी पितोय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

बॉयलर फुटतो तो पाणी कमी पडल्यामुळे. हे नवशिक्यालासुद्धा माहीत असतं, आणि ज्याला नसतं त्याला मी जागेवर घरी पाठवलेलं आहे. म्हणून आज मी मुळीच कंजुषी केली नाही. डाळ दुप्पट, पाणी पार गळ्यापर्यंत. निम्मं रिकामं भांडं तापवत बसणं म्हणजे इंधनाची नासाडी. मीठ शून्य. आच मोठी.

शिट्टी येईना. मी खुर्ची ओढून समोर बसलो. वजन हलत नव्हतं, फुसफुस नव्हती, काही नाही. मी मनात म्हणालो, बायका या डबड्याचा उगाच बाऊ करतात. हे मनात म्हणतोय तोच फाट्कन आवाज झाला, व्हॉल्व्ह उडाला आणि हिरव्या डाळीचा फवारा सरळ छताला!

मी टेबलाखाली होतो. तिथे कसा गेलो ते आठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई धावत वर आल्या, दार लोटलेलंच होतं. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग वाकून माझ्याकडे पाहिलं. ही बाई चाळीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडली आणि आता निवृत्त होऊन माझ्या वाट्याला आलीय. म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, बाहेर या. संपलं ते."

छतावरून डाळ टपटपत होती, एक थेंब माझ्या टकलावर. "वहिनींना कळवू का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "खबरदार!"

तोंडावर पदर धरून जिना उतरल्या. पदराआड काय चाललं होतं ते न कळायला मी दूधखुळा नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

झाकण उघडून तपासणी केली, नवा व्हॉल्व्ह बसवला. वाफेच्या भोकात डाळीची सालं आणि वाळलेला फेस गच्च बसलेला. ही डाळ उकळताना फेसाळते, फेस वर चढतो आणि वाट बुजवतो. त्याला वर मोकळी जागा ठेवायला हवी, भांडं अर्ध्याच्या वर भरायचंच नाही. फेस येणारं पाणी बॉयलरमध्येही असाच घात करतं. मी त्यावर नवशिक्यांपुढे भाषणं दिलेली आहेत.

सवयीने लिहून गेलो, "अपघाताचं कारण: चालकाचा निष्काळजीपणा." मग खोडलं. सदोष उपकरण, असं वाचावं.

शिडीवर चढून छत पुसलं. हिरवा डाग जात नाही. ही असती तर कशाने तरी घालवला असता. तिच्याकडे असल्या क्षुल्लक गोष्टींची माहिती फार.

शनिवार, १६ नोव्हेंबर

हिचा फोन. "काय जेवलात?"

आज मी ऐटीत सांगितलं, "हल्ली मी घरीच करतो. सूप."

"तुम्ही? कुकर लावलात?"

"न लावायला काय झालं?"

"आणि कसं झालं?"

"उत्तम," मी म्हणालो. छत यात कुठे येत नाही.

"गुडघ्याजवळचा तुकडा घेतलात ना? आणि अहो, भांडं वरपर्यंत भरू नका बरं का." मी म्हणालो, "मला शिकवतेस?" ती हळूच म्हणाली, "पुढच्या रविवारी येणारे मी. माझं शिवणाचं मशीन न्यायला. इथे एका मशीनवर भागत नाही. तेव्हा वाढाल मला?"

मशीन कशाला लागतंय ते उघड आहे. मेहुणीला फुकटात पडदे शिवून हवे असणार. ती बाई म्हणजे नुसती जळू. पण वाढाल का, असं हिने स्वतःच्या तोंडाने विचारलं. आली की नाही वळणावर! एक घास खाईल आणि तिला कळेल, की ज्याचा एवढा टेंभा मिरवला ते काम कोणीही करू शकतं. मग निमूट बॅग घेऊन येईल. मशीन पण इथेच राहील.

सोमवार, १८ नोव्हेंबर

अर्धंच भरलं. फुटलं नाही, पण बुडाला लागलं. घरभर करपल्याचा वास. ढवळून न घेता झाकण लावलं की डाळ बुडाशी बसते, हे आता कळलं. मांसही हाडाला चिकटलेलं, रबर चावतोय असं वाटलं.

मास्तरीणबाई वास घेत आल्याच. ही रविवारी येतेय ते मी त्यांना ऐटीत सांगितलं. चव घेतली, डोळे मिटले. मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, एक विचारू? तुम्हाला सूप हवंय की बायको हवीय?"

"हा काय प्रश्न झाला? सूप जमलं की बायको येणारच."

"तसं असतं तर मी तुम्हाला आजच शिकवलं असतं." जाताना दारात वळून म्हणाल्या, "माझं ऐकाल तर रविवारी हेच वाढा. करपलेलं."

मत्सर, दुसरं काय! शाळेत शिकवून शिकवून यांच्या डोक्याचा भुसा झालाय. दार जरा जोरात लावलं.

आज हिच्या कपाटातून एप्रन काढला. खिशात रुमाल होता. घडी न मोडता परत ठेवला. का ते माहीत नाही, अप्रस्तुत आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

जमलं!

काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला शंका नको. डाळ तीन पाण्यांनी धुतली. कुकरमध्ये चरबीवर कांदा, गाजर, लसूण मऊ होईपर्यंत परतले. मग हॅमचा तुकडा, तमालपत्र, डाळ, पाणी. अर्ध्याच्या खाली. उकळी आल्यावर फेस झाऱ्याने काढून टाकला, तळ खरवडून ढवळलं, तेव्हा झाकण. शिट्टी आल्यावर आच एकदम बारीक. गॅस बंद केल्यावर वजनाला हात लावला नाही. दाब आपोआप उतरू दिला. धीर लागतो. मी धीर धरला. हाडावरून मांस गळून पडत होतं. ते काढलं, चिरलं, परत घातलं. मिरी भरडून. घोटायची गरजच पडली नाही, डाळ विरघळून गेली होती. चमचा उभा राहील इतकं दाट.

काढताना कुकरच्या कडेला मनगट भाजलं, त्याचं काही नाही.

उभ्या उभ्या दोन वाडगे खाल्ले. मग राहवेना म्हणून हिला फोन लावला. मी सहसा लावत नाही. म्हणालो, "रविवारी भुकेली ये. असं सूप तू जन्मात केलं नसशील. आता मला कोणाचीही गरज नाही, कळलं?"

"खरंच जमलं?" तिने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. पलीकडे मागे मशीन चालू होतं, ते थांबलं. "बरं झालं," म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. हार मानताना येतोच तसा.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुपारी आली. गळ्यात मापाची टेप तशीच, काढायची विसरलेली. चेहरा भरलाय. मला बघून म्हणाली, "वाळलात हो." मग वर बघितलं. "हे काय?"

"गळती."

"हिरवी?"

मी तिला बसायला सांगितलं. वाढलं. पाव दिला, हॉटेलचा नाही, बेकरीतून सकाळी जाऊन आणलेला.

पहिला चमचा घेऊन ती थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आपला निकाल लागायची वाट पाहत. तिने हळूहळू सगळा वाडगा संपवला, पावाने पुसून घेतला आणि पुन्हा पुढे केला. "मांस काढून, चिरून परत घातलंत?" "अर्थात." "दाब आपोआप उतरू दिलात?" "अर्थात." दुसरा वाडगाही संपला. मी वाट बघत होतो, की आता हिचा चेहरा पडेल. तो पडला नाही. उलट असा मोकळा झाला, जसा परीक्षा संपलेल्या पोरीचा होतो. असा चेहरा मी तिचा फार वर्षांत पाहिला नव्हता.

"छान झालंय," म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं. खरंच." मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "चला, सुटले मी एकदाची."

"म्हणजे?"

"अहो, मला तिकडे घास उतरायचा नाही. वाटायचं, हा माणूस तिकडे शिळा पाव चावत बसला असेल. कितीदा मनात आलं, असू दे, जावं परत. गुरुवारी तर बॅगही भरून ठेवली होती." तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "तेवढ्यात तुमचा फोन आला. म्हटलं, आता कशाला."

गुरुवारी. मी कुकरमधल्या उरलेल्या सुपाकडे बघितलं. एवढं दाट, एवढं चांगलं, आणि मला ते उचलून मोरीत ओतावंसं वाटलं.

मी म्हणालो, "हे मी नाही केलं."

"काय?"

"खालच्या बाईंनी करून दिलं. मला काही येत नाही. मी खोटं बोललो. मी हॉटेलातच जेवतो. ते छत माझ्यामुळे झालंय, मी कुकर फोडला. मी टेबलाखाली लपलो होतो. विचार त्यांना."

तिने माझं मनगट धरलं, फोड वर करून पाहिला आणि हळूच खाली ठेवलं. हसली. त्या दिवशी पाहुण्यांसमोर हसली होती तसं नाही, खरंखुरं. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही," म्हणाली. "ते एक चांगलं होतं तुमच्यात."

मला ती घरी हवी आहे. सूप गेलं चुलीत. हे वाक्य इथे लिहायला मला काही वाटत नाही, पण तिथे जीभ टाळ्याला चिकटली होती. खात्यात भाषणं ठोकणारा मी, मला चार शब्द सुचेनात. मी म्हणालो, "आणखी वाढू?" ती म्हणाली, "नको, पोट भरलं."

तेवढ्यात साडू आला, गाडी घेऊन. त्याच्यासारखा बावळट मनुष्य मी पाहिला नाही. मशीन ओतीव लोखंडाचं, आणि हा ते चाकाला धरून उचलतोय! दोन पायऱ्यांवर अडकला, मशीन भिंतीला घासलं, ही "अहो, अहो!" करायला लागली. मला बघवेना. "बाजूला व्हा," म्हणालो, आणि जड बाजू मी घेतली. जिनाभर मीच आदळू न देता उतरवलं. वळणावर ही मागून म्हणाली, "सांभाळून, तुमची कंबर." मास्तरीणबाई आपल्या दारात उभ्या होत्या.

साडूने गाडीत दोरी अशी बांधली होती की पहिल्या वळणावर मशीन आडवं झालं असतं. मी ती सोडली आणि पुन्हा बांधली, दोन फास आणि वर गाठ. ही पुढे बसली. काच खाली करून म्हणाली, "जेवत जा वेळेवर." मी मान हलवली.

गाडी गेली. दोरी सुटणार नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.